उपस्थिती एक

आमच्या शाळेच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीचा एक मोठा भाग काळा रंगवलेला होता. मधोमध पांढरी उभी रेघ. रेघेच्या एका बाजूला ‘शाळेच्या बातम्या’, दुसऱ्या बाजूला ‘आगामी कार्यक्रम’. आठवी-नववीची दोन वर्षं त्या भिंतीवरचं प्रत्येक अक्षर माझ्या हातचं होतं. गावाकडच्या शाळेत गुरुजींनी बोरू आणि शाई देऊन माझं अक्षर घोटून घेतलं होतं, आणि नवी मुंबईत सानपाड्याला आले तेव्हा कुणी नाव ठेवू नये असं माझ्याजवळ तेवढंच होतं. मी तोंड उघडलं की वर्ग हसायचा. ‘व्हय’ म्हटलं की हसायचा, ‘न्हाय’ म्हटलं की जास्त हसायचा. स्टुलावर चढून मी खडू हातात घेतला की मात्र मागे उभं राहून मुलं निमूट वाचायची. मुख्याध्यापिका कर्णिक बाई मधल्या सुट्टीत चिठ्ठी द्यायच्या. चित्रकला परीक्षेचा निकाल, सहलीची तारीख, गणवेश न घालणाऱ्यांना ताकीद, असलं काहीबाही. शाळेत पुढे काय होणार आहे ते सगळ्यांच्या आधी मला कळायचं. त्या वयात एवढा मान पुष्कळ झाला.

घर मार्केटच्या मागच्या बैठ्या चाळीत होतं. आबा, म्हणजे माझे वडील, कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहायचे. त्यांची टोळी बारा जणांची, बाराही जण साताऱ्याकडच्या आमच्याच गावचे. त्यातल्या पाच जणांच्या बायका मार्केटात कामाला जायच्या, ते दुपारी आमच्याकडे जेवायचे. आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीला आबांनी बारा खिळे ठोकले होते. दुपारी मार्केट उठलं की एकेक जण यायचा आणि गोणी ओढायचा आपला हूक आपापल्या खिळ्याला अडकवायचा. खण् असा आवाज व्हायचा. आई आत भाकरी थापत तो आवाज मोजायची. “सात झालं,” ती स्वतःशीच म्हणायची, “पाच राह्यलं.” बारावा खण् झाल्याशिवाय ती कालवणात पळी घालत नसे. एकदा अकरावर थांबलं आणि बारावा बराच वेळ वाजला नाही, तेव्हा तिने परात बाजूला सारली आणि पिठाच्या हातांनीच मार्केटच्या रस्त्याला लागली. गोणींची थप्पी घसरून एकाचा पाय अडकला होता. जेवण म्हणजे कांदा. फुटलेल्या गोणीतला, डाग पडलेला, अर्धा ओला कांदा. कांद्याचा झुणका, कांद्याचं कालवण, निखाऱ्यात भाजलेला कांदा मीठ लावून, आणि पाट्यावर वाटलेला खर्डा. कांद्याची सालं वाऱ्याने घरभर फिरायची. दप्तरात, पांघरुणात, वेणीत सापडायची. आज माझ्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये भाजीवाला कांदे निवडून पिशवीत घालून देतो, आणि कधी एखादं साल फरशीवर पडलं तर ते उचलायला मी अजूनही जरा वेळ लावते.

शाळेत त्या सालांना नाव होतं. मी वर्गात शिरले की मागून कुणीतरी म्हणायचं, “कांद्याची गाडी आली रे, काटा लावा.” आमच्या टोळीची बारा मुलं वेगवेगळ्या वर्गांत होती, पण सगळी ‘ब’ तुकडीत. वर्ष अर्धं झाल्यावर गावाहून आलेल्यांना ‘ब’मध्ये घालायचं अशी रीत होती आणि आम्ही सगळे असेच अर्ध्यात आलेलो. ‘अ’ तुकडी सोसायटीतल्या मुलांची. माझ्याच इयत्तेत ‘अ’मध्ये मुग्धा सामंत होती. तिचे वडील एका मोठ्या कचेरीत साहेब आणि शाळेच्या पालक संघाचे अध्यक्ष. मुग्धाने एकदा माझी निबंधाची वही दोन बोटांत धरून परत दिली. म्हणाली, “अक्षर छान आहे गं तुझं. फक्त वही जरा उन्हात ठेव.” ‘अ’ तुकडीतल्या पोरी तोंडावर रुमाल धरून हसल्या. मी वही दप्तरात कोंबली. घरी येऊन आईवर ओरडले, की तू माझं दप्तर गोणींच्या ढिगापासून लांब का ठेवत नाहीस. आईने भाकरी उलटली आणि म्हणाली, “त्या गोनींवरच तुजं दप्तर आलंय.” हे मला त्या वेळी कळलं नाही. कळलं असेल, पण आवडलं नाही.

टोळीची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. टोळीचं तोंड एक असतं. आमचं तोंड म्हणजे मुकादम तात्या, आबांचे चुलत चुलते. व्यापाऱ्याशी बोलायचं तर तात्या. कुणाला दवाखान्यात ठेवायचं, कुणाच्या पोरीची सोयरीक बघायची, तर तात्या. बारा जणांनी बोललं की भांडण होतं, एकाने बोललं की बोलणं होतं, असं आबा म्हणायचे. तात्या गेले म्हणजे बाराही जण गेले. त्यांच्या मागून आणखी कुणी गेलं तर तो तात्यांचा अपमान. मार्केटमध्ये हे लहान पोरालाही ठाऊक होतं. तात्या दारात दिसले की व्यापारी विचारायचा, “बोला, काय म्हणते टोळी?” कुठे आहेत बाकीचे, असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

नववीच्या हिवाळ्यात बाईंनी चिठ्ठी दिली. ‘पालकसभा. विषय : पुढील वर्षाचे नियोजन. सर्व पालकांची उपस्थिती आवश्यक.’ ‘सर्व’ या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. मीही लाल खडूने दोन मारल्या. घरी आबांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, “तात्यास्नी सांग.” इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. शाळेत ‘सर्व’ म्हणजे एकेक माणूस मोजतात हे मला ठाऊक होतं. माझ्याच हाताने ते लिहिलं होतं. आबा, तुम्हीही चला, सगळेच चला, एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर बारा माणसं आली, खांद्याला माती, अंगाला मार्केटचा वास, सभागृहात मुग्धाच्या आईशेजारी बसलेली. तात्या निदान धुतलेलं धोतर नेसून येतील. मी म्हणाले, “व्हय, तात्या गेले की झालं.”

सभेला पाण्याचे पेले द्यायला आणि फळ्यावर विषय लिहायला मला थांबवलं होतं, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. सोसायट्यांतले नवरा-बायको जोडीने आले होते. तात्या शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले. हजेरीच्या वहीत त्यांनी एकेक अक्षर कोरत सही केली. सामंत उठले. पुढच्या वर्षापासून शाळेत इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू होणार, सकाळी खोल्या कमी पडणार, म्हणून मराठीची ‘ब’ तुकडी, पाचवी ते दहावी, दुपारच्या सत्रात न्यावी असा त्यांचा प्रस्ताव होता. दुपारचं सत्र साडेसहाला सुटायचं. हिवाळ्यात तेव्हा अंधार पडलेला असतो, आणि शाळेपासून आमच्या चाळीपर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी उभ्या असलेल्या ट्रकांमधून जायचा.

तात्या उभे राहिले. “साहेब, आमच्या पोरी हायत. सांच्याला त्या रस्त्यानं न्हाय जमायचं. आमची ना हाय.”

“आमची म्हणजे कुणाची?” सामंतांनी विचारलं.

“आमच्या समद्यांची. बारा घरांची.”

“मला तर एकच दिसताय, काका.” पुढच्या रांगेत हसू पिकलं. “बाकीचे अकरा कुठे आहेत? मुलांच्या शाळेसाठी तासभर काढता येत नाही?”

“आमच्यातला एक आला म्हंजी समदं आलं.”

“टेन्शन घेऊ नका, काका. पण हे मार्केट नाही. इथे डोकी मोजतात.”

मग विरोधात असणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. तात्यांनी एक हात वर केला. मला वाटतं दुसराही करावा की काय असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण तो जरासा हलला आणि टोपीवर जाऊन थांबला. कर्णिक बाई सभेचा वृत्तांत लिहीत होत्या. पेला ठेवताना मी वाचलं : ‘ब तुकडीचे पालक उदासीन. उपस्थिती एक.’ मी पाण्याचा तांब्या धरून उभी होते. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीच त्यांच्याकडे पाहिलं नाही, हे जास्त खरं.

दुसऱ्या दिवशीची चिठ्ठी अशी होती : ‘जूनपासून इयत्ता पाचवी ते दहावी ब तुकडी दुपार सत्रात भरेल. निर्णय पालकसभेत एकमताने.’ मी स्टुलावर चढून ते सगळं वळणदार अक्षरात लिहिलं. ‘एकमताने’सुद्धा लिहिलं. गुरुजींनी घोटून दिलेलं ते अक्षर मला त्या दिवशी किळसवाणं वाटलं. घरी आबांनी ऐकून घेतलं, चूळ भरली आणि म्हणाले, “साडेसहाला सुटनार? मग नववी झाली की बास.” आई काहीतरी म्हणायला गेली, पण बारा हुकांच्या भिंतीकडे बघून तिने परातीत पीठ ओढलं. मार्केटच्या आवारात बटाटे निवडायच्या कामावर बायका लागत, आणि जूनपासून मीही त्यांच्यात बसणार हे त्या एका वाक्यात ठरून गेलं.  मला सामंतांचा राग होता, बाईंचा होता, मुग्धाच्या इस्त्रीच्या फितींचा होता. रात्रंदिवस तो राग चघळताना एक नाव मात्र मी त्यात घेत नव्हते, ते माझं स्वतःचं.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन असायचं. रंगमंच शाळेच्याच बाकांचा. वरच्या मजल्यावरची लोखंडी पायांची जड बाकं मैदानात आणून एकमेकांना दोरखंडाने बांधायची आणि वर सतरंजी टाकायची. हे काम दरवर्षी आमची टोळी करायची, आवडीने, हसतखेळत. बाई तात्यांना एक निरोप धाडायच्या आणि रविवारी बाराही जण हजर. त्या वर्षीही बाईंनी मला कार्यालयात बोलावलं. सामंत समोर चहा पीत बसले होते.

“सुमन, तात्यांना निरोप दे. रविवारी आठला माणसं घेऊन या म्हणावं. दरवर्षीसारखं.”

मी ठरवून काही गेले नव्हते. पण तोंडातून निघालं, “बाई, तात्यांना निरोप दिला तर एकच माणूस येईल.”

“म्हणजे?”

“तुमच्या वहीत तसं लिहिलंय. उपस्थिती एक.”

बाईंचं पेन हातातच राहिलं. सामंत कप खाली ठेवत म्हणाले, “बघा. आपणच बोलायला शिकवायचं आणि आपणच ऐकायचं.”  मी बाहेर आले ती थेट चाळीत, तात्यांसमोर. सगळं सांगून टाकलं. त्या सभेपासून तात्या मान खाली घालून जेवत होते. आबा माझ्यावर चिडले. “शाळंचं काम हाय. त्यात आडवं लावू न्हाई, कळलं का?”

तात्यांनी ताट बाजूला सारलं. “आडवं कोन लावतंय? त्यांच्या रीतीनं चालायचं. म्या एकटाच जातो.” आणि सभेनंतर पहिल्यांदाच ते हसले. “सुमे, आसं म्हनलीस व्हय? वहीत लिवलंय म्हून?”

रविवारी मी फळ्यावर संमेलनाचा कार्यक्रम लिहायला गेले होते. तात्या धुतलेलं धोतर नेसून आठच्या ठोक्याला आले आणि पायरीवर बसले. सामंत सोसायटीतले चार जण घेऊन आले, पांढरे बूट घालून, व्यायामाला निघाल्यासारखे. त्यांनी फाटकाकडे पुन्हा पुन्हा पाहिलं.

“काका, बाकीचे कुठे आहेत?”

“मी आलोय की.”

“अहो, बाकं शंभर आहेत.”

“व्हय. आन मी एक हाय.”

“मस्करी करताय का?”

“न्हाय साहेब. हे मार्केट न्हाय.”

सामंत लाल झाले. म्हणाले, आम्हाला काय हात नाहीत? आणि पाचही जण जिना चढले. पहिलं बाक जिन्याच्या वळणावर अडकलं. वर दोघं, खाली दोघं, कुणी म्हणतंय उचला, कुणी म्हणतंय थांबा. “वाकडं धरलंय,” तात्या पायरीवरूनच म्हणाले, “कंबर धरंल.” पण जागचे उठले नाहीत. सामंतांचं बोट कठड्यात चेंगरलं आणि ते मोठ्याने ओरडले. मुग्धा खाली उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिले आणि मला आनंद झाला. तो चांगला आनंद नव्हता. माणसाचं बोट चेंगरल्याचा आनंद होता तो, आणि इतक्या वर्षांनीही त्याबद्दल मला म्हणावं तितकं वाईट वाटत नाही. दुपारपर्यंत नऊ बाकं खाली आली होती.

शेवटी कर्णिक बाई स्वतः पायरीपाशी आल्या. “तात्या, तुम्हाला हवंय तरी काय?”

“पुन्यांदा सभा बोलवा. मार्केट उठल्यावर, चारला. बाराच्या बारा येतो, बायका घिऊन. मोजा आमाला.”

“आणि बाकं?”

“सभा आदी. बाकं मागनं.”

बुधवारी चारला ते आले. कुणी धुतलेलं घातलं नव्हतं, तेवढा वेळच नव्हता. सभागृहात कांद्याचा वास भरला आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी पदर नाकाला लावला. मी दारात उभी राहून प्रत्येकाला वहीत सही करायची जागा दाखवली. ज्यांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा मी माझ्या हाताने शाईला लावला. आबांचाही. त्या दिवशी हात वर झाले तेव्हा ते बाईंना दोनदा मोजावे लागले, एवढे होते. सामंत बोटाला पट्टी बांधून बसले होते. ते म्हणाले, सगळ्या तुकडीला सकाळी जागा देणं शक्यच नाही, खोल्या नाहीत, हवं तर निम्मी घ्या. आठवी ते दहावी सकाळी राहू दे, पाचवी ते सातवी दुपारी जाऊ दे. टोळीने तात्यांकडे पाहिलं. मोजून घ्यायला बारा आले होते, पण बोलायला तोंड एकच होतं. तात्यांनी थोडा वेळ टोपी हातात फिरवली आणि म्हणाले, “मोठ्या पोरींचं म्याट्रिक व्हऊ द्या. चालंल.”

आबा वाटभर माझ्या पुढे चालत होते. घरी आल्यावर हूक खिळ्याला लावताना म्हणाले, “धावी कर.” एवढंच. संध्याकाळी टोळीने तासाभरात सगळी बाकं उतरवली. संमेलन झालं. सामंतांनी भाषणात सर्व पालकांच्या सहकार्याचे आभार मानले, आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं तेच वाक्य मी ‘शाळेच्या बातम्या’खाली लिहिलं.

तात्यांची मुलगी शकू तेव्हा पाचवीत होती. हे मला सभेच्या वेळी ठाऊक होतं, आबांना ठाऊक होतं, सगळ्या टोळीला ठाऊक होतं. कुणीही ते मोठ्याने म्हटलं नाही. जूनमध्ये शकू सहावीला दुपारच्या सत्रात गेली. दिवाळीपर्यंत कशीबशी गेली. मग दिवस लहान झाला, एका ट्रकवाल्याने तिला हाक मारून काहीतरी विचारलं, आणि तिच्या आईने तिचं दप्तर फळीवर ठेवून दिलं. ज्या बटाट्यांच्या ढिगाशी मी बसणार होते तिथे शकू बसली. मी दहावी झाले, बारावी झाले, आमच्या साऱ्या भावकीत पहिली पदवीधर झाले. पदवीचा कागद घेऊन तात्यांच्या पाया पडायला गेले तेव्हा दार शकूने उघडलं. तिने तो कागद हात पदराला पुसून धरला, वरपासून खालपर्यंत बघितला आणि म्हणाली, “तुज्या अक्षरावानी न्हाय गं हे.” तात्यांचे उपकार मी आयुष्यभर मानत आले आहे. शकूशी मात्र उपकाराच्या भाषेत बोलता येत नाही. तिच्या हक्काचं होतं ते.

आता शाळेच्या बातम्या भिंतीवर येत नाहीत, फोनवर येतात. माजी विद्यार्थ्यांचा एक ग्रुप आहे. तिथे रोज फुलं, वाढदिवस आणि जुन्या सहलींचे पिवळे फोटो. मराठी माध्यमाचे शेवटचे वर्ग आता बंद होणार आहेत अशी बातमी परवा त्यावरच आली, खाली सव्वीस रडके चेहरे. त्या निमित्ताने निरोपाचा कार्यक्रम ठरला आहे. सगळी व्यवस्था मुग्धाकडे आहे. ती वाईट नाही. माझ्या नातीच्या बारशाला येऊन गेली, अजून अक्षराचं कौतुक करते. काल तिने लिहिलं : ‘हॉल लहान आहे. ब तुकडीतून सुमन एकटी आली तरी चालेल. ती सगळ्यांच्या वतीने बोलेल.’

चष्मा पुसून मी ते दोनदा वाचलं. मग शकूला फोन लावला. ती आता घणसोलीला मुलाकडे असते. म्हणाली, “मी कशाला गं? माजं नाव तरी असंल का तिथं?” मी म्हटलं, नसू दे. टोळीची बाकीची मुलं कुठे कुठे आहेत ते तिलाच जास्त ठाऊक होतं. एक मुलगा गेला, त्याची बायको येते म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांशी बोलून झालं.

मग मी ग्रुपवर उत्तर लिहिलं : ‘आम्ही बारा जण येतो. खुर्च्या तुम्ही लावून ठेवा.’